विश्लेषण : सॉफ्टवेअर कंपनीचा इंटरव्ह्यू ‘ओरल’पेक्षा वेगळा कसा?

पावसाने जोर धरला की कोल्हापूर परिसरातल्या अभियांत्रिकी महाविद्यालयांत कॅम्पसचे वारे वाहू लागते. गोकुळ शिरगावचे केआयटी, कसबा बावड्याचे डी. वाय. पाटील, इचलकरंजीचे डीकेटीई, अतिग्रेचे संजय घोडावत विद्यापीठ, शिवाजी विद्यापीठाचा तंत्रज्ञान अधिविभाग, सगळीकडे शेवटच्या वर्षाची मुले इस्त्रीचा शर्ट आणि फाइल घेऊन फिरताना दिसतात. यातली बरीच मुले ऑनलाइन परीक्षा चांगल्या गुणांनी पार करतात आणि पुढच्या टेक्निकल राउंडमध्ये बाहेर पडतात. ‘उत्तर तर बरोबर दिले होते, मग नाकारले का?’ हा प्रश्न दरवर्षी हॉस्टेलच्या खोल्यांत आणि गावाकडच्या घरांतही विचारला जातो. त्याचे उत्तर बहुतेक वेळा एका गैरसमजात असते. इंटरव्ह्यू म्हणजे ओरल, असे समजून मुले आत जातात.

एकूण टप्पे किती असतात?

कंपनी कोणती आणि पद कोणते यावर ते ठरते. मोठ्या सेवा कंपन्यांत आधी ऑनलाइन परीक्षा, मग टेक्निकल मुलाखत, काही ठिकाणी मॅनेजरची मुलाखत आणि शेवटी एचआर, असा क्रम असतो. अनेकदा शेवटच्या तिन्ही गोष्टी एकाच पॅनलसमोर अर्ध्या-पाऊण तासात उरकतात. स्वतःचे प्रॉडक्ट बनवणाऱ्या कंपन्यांत मात्र कोडिंगचेच दोन-तीन राउंड होतात आणि प्रत्येक राउंड तासाभराचा असतो.

परीक्षेला बसण्याआधी एक चाळणी असते. दहावी, बारावी किंवा डिप्लोमा आणि इंजिनीअरिंग या तिन्ही ठिकाणी किमान ६० टक्के, ही अट वर्षानुवर्षे अनेक मोठ्या कंपन्या लावत आल्या आहेत. चालू एटीकेटी किती चालते, शिक्षणात खंड किती चालतो, याचेही प्रत्येकीचे नियम असतात. डिप्लोमानंतर थेट दुसऱ्या वर्षाला आलेल्यांनी फॉर्म भरताना बारावीच्या रकान्यात काय लिहायचे ते प्लेसमेंट ऑफिसरला विचारून घ्यावे. गुणांबाबत केलेली ‘अॅडजस्टमेंट’ कागदपत्रांच्या पडताळणीत उघडी पडते आणि तोवर पुण्यात खोलीही घेऊन झालेली असते.

ऑनलाइन परीक्षेत काय असते?

टीसीएसची नॅशनल क्वालिफायर टेस्ट हे याचे सर्वांत परिचित उदाहरण. तिचे दोन भाग असतात. पहिल्यात गणित, इंग्रजी आणि तर्क यांची पायाभूत तपासणी, दुसऱ्यात अवघड गणित-तर्क आणि कोडिंग. या एकाच परीक्षेतील कामगिरीवर उमेदवाराला निंजा, डिजिटल की प्राइम यापैकी कोणत्या पदासाठी बोलवायचे ते ठरते. वार्षिक पॅकेजमध्ये त्यामुळे साडेतीन लाखांच्या आतबाहेर ते नऊ लाखांच्या पुढे इतकी तफावत पडते. इन्फोसिसमध्येही साधा सिस्टीम इंजिनीअर आणि स्पेशालिस्ट प्रोग्रॅमर यांच्यात असाच फरक आहे. ‘पास झालो की झाले’ या हिशेबाने दिलेली परीक्षा म्हणून महागात पडते.

कोडिंगच्या प्रश्नात दोन-तीन नमुना उदाहरणे दिसतात. ती चालली की मुले सबमिट करतात. पण तपासणी होते ती न दिसणाऱ्या उदाहरणांवर. यादी रिकामी असेल तर? एकच आकडा असेल तर? आकडे ऋण असतील तर? यादी लाखभर आकड्यांची असेल तर? शेवटच्या प्रकारात प्रोग्रॅम बरोबर असूनही वेळेत संपत नाही आणि गुण जातात.

परीक्षा घरून असेल तर कॅमेरा, माइक आणि स्क्रीन या तिन्हींवर नजर असते. दुसरा टॅब उघडला, मान सारखी वळली, खोलीत दुसरा आवाज आला, की त्याची नोंद होते. आता कॅम्पसचा हंगाम आणि कोल्हापूरचा पावसाळा नेमका एकाच वेळी येतो. लाइट जाणे आलेच, शिवाय गणपतीच्या दिवसांत मंडळाची साउंड सिस्टीम माइकला काही चुकत नाही. ज्यांना शक्य आहे त्यांनी अशी परीक्षा कॉलेजच्या लॅबमध्येच द्यावी. ते जमत नसेल तर लॅपटॉपची पूर्ण चार्ज केलेली बॅटरी आणि दुसऱ्या कंपनीच्या सिमचा हॉटस्पॉट हाताशी ठेवावा.

मग टेक्निकल राउंड ‘ओरल’सारखा का नसतो?

ओरलला एक्स्टर्नल येतात, जर्नल चाळतात आणि विचारतात, ‘इनहेरिटन्स म्हणजे काय?’ व्याख्या आली तर गुण, नाही आली तर पुढचा प्रश्न. गप्प राहून आठवायचे आणि आठवले की एका दमात म्हणून टाकायचे, ही सवय चार वर्षांत हाडीमाशी मुरते. टेक्निकल राउंडमध्येही अशा व्याख्या विचारतात. ऑब्जेक्ट ओरिएंटेड प्रोग्रॅमिंग, डेटाबेसचे नॉर्मलायझेशन, प्रोसेस आणि थ्रेडमधला फरक, पगाराच्या तक्त्यातून दुसऱ्या क्रमांकाचा पगार काढणारी एसक्यूएल क्वेरी हे नेहमीचे मानकरी. पण निकाल त्यावर लागत नाही.

कोल्हापूरकरांना याचे एक घरचे उदाहरण आहे. उद्यमनगरात टर्नर कामावर घेताना मालक आयटीआयचे सर्टिफिकेट पाहतो, पण नंतर त्याला लेथवर उभा करून एक जॉब काढायला लावतो. जॉब शेवटी मापात आला का हे तो बघतोच. त्याआधी ड्रॉइंग नीट पाहिले का, टूल कसे लावले, माप किती वेळा घेतले, घाई केली का, हेही बघतो. कोडिंगचा राउंड म्हणजे ही लेथवरची चाचणी. अडचण एवढीच की टर्नरचे हात दिसतात, प्रोग्रॅमरचा विचार दिसत नाही. तो बोलून दाखवावा लागतो.

बोलून दाखवायचे म्हणजे नेमके काय?

समजा प्रश्न असा आला. शाहू मार्केट यार्डातील गुळाच्या सौद्यांचे दहा हजार दर एका यादीत आहेत. त्यातील कोणत्या दोन दरांची बेरीज आठ हजार होते ते शोधा. जगभर विचारला जाणारा हा जुनाच प्रश्न आहे, फक्त गूळ कोल्हापूरचा.

एक उमेदवार प्रश्न संपायच्या आत टाइप करू लागतो. दुसरा दहा मिनिटे स्क्रीनकडे बघत राहतो आणि मग सगळा प्रोग्रॅम एकदम लिहून काढतो, कदाचित अचूकही. तिसरा आधी विचारतो : एक जोडी मिळाली की थांबायचे की सगळ्या हव्यात? तोच दर दोनदा वापरलेला चालेल का? यादी चढत्या क्रमाने आहे का? जोडी नसेलच तर काय सांगायचे? हे प्रश्न अडाणीपणाचे वाटतील म्हणून आपली मुले ते गिळून टाकतात. प्रत्यक्षात मुलाखत घेणाऱ्याने प्रश्न मुद्दाम अर्धवट सोडलेला असतो. ऑफिसात येणारे कामही असेच अर्धवट येते आणि न विचारता केलेले काम पुन्हा करावे लागते.

मग तिसरा उमेदवार सांगतो की, सर्वांत सोपा मार्ग म्हणजे प्रत्येक दर उरलेल्या प्रत्येक दराशी जोडून पाहणे. पण दहा हजार दरांत अशा जोड्या जवळपास पाच कोटी होतात. त्यापेक्षा यादीवरून एकदाच जाऊ. समोर ३,७०० आला तर आपल्याला ४,३०० हवा. तो आधी येऊन गेला का, एवढेच पाहायचे. आलेले दर हॅशमॅपमध्ये ठेवले तर ते लगेच कळते. पाच कोटींचे काम दहा हजार पावलांत होते. त्याबदल्यात मेमरी जास्त लागते.

इथे समोरचा हमखास विचारतो, ‘मेमरी कमी असेल तर?’ हा आक्षेप नसतो, पुढचा प्रश्न असतो. ओरलची सवय असलेला उमेदवार इथे गडबडतो. आपले चुकले असे समजून आधीचे बरोबर उत्तरच पुसायला लागतो. शांत राहणारा म्हणतो, मग यादी आधी क्रमाने लावू आणि एक बोट सुरुवातीला, एक शेवटी ठेवून दोन्ही आत सरकवत आणू. बेरीज कमी पडली तर डावे बोट पुढे, जास्त झाली तर उजवे मागे. वेळ थोडा वाढेल, जागा वाचेल. शेवटी तो चार-पाच आकड्यांची छोटी यादी घेऊन स्वतःचा प्रोग्रॅम ओळीओळीने चालवून दाखवतो. स्वतःची चूक स्वतःच पकडली तर ती बहुतेक वेळा त्याच्या बाजूनेच धरली जाते.

दुसऱ्या आणि तिसऱ्या उमेदवाराचा प्रोग्रॅम शेवटी सारखाच असू शकतो. पण दुसऱ्याबद्दल मुलाखत घेणाऱ्याकडे फॉर्मवर लिहायला काही नसते. त्याने उत्तर पाठ केले होते की शोधले, हेच कळत नाही.

पण समोर कोणी बसले की सुचतच नाही, त्याचे काय?

ही तक्रार खरी आहे आणि तिला संशोधनाचा आधारही आहे. अमेरिकेतील नॉर्थ कॅरोलायना स्टेट विद्यापीठ आणि मायक्रोसॉफ्ट यांच्या संशोधकांनी २०२० मध्ये ४८ विद्यार्थ्यांवर एक प्रयोग केला. काहींनी मुलाखत घेणाऱ्यासमोर फळ्यावर, मोठ्याने बोलत प्रश्न सोडवला. काहींनी तसाच प्रश्न बंद खोलीत एकट्याने सोडवला. समोर कोणी पाहत असताना कामगिरी निम्म्यावर आली. म्हणजे या पद्धतीत कौशल्याइतकीच धिटाईही मोजली जाते, असे म्हणायला जागा आहे. पद्धत सदोष आहेच, पण सध्या तरी तीच चालते.

काही खुळ्या प्रथा गेल्याही. एका विमानात किती चेंडू मावतील, यासारखी कोडी एकेकाळी मोठ्या कंपन्यांत विचारली जात. गुगलचे तत्कालीन मनुष्यबळ प्रमुख लास्झलो बॉक यांनी २०१३ मध्ये जाहीरपणे सांगितले की अशा कोड्यांतून उमेदवाराबद्दल काहीच कळत नाही, तो वेळेचा अपव्यय आहे. तरी आपल्याकडच्या तयारीच्या पुस्तकांत ती अजून छापून येतात.

धिटाईवर उपाय सरावाचाच आहे आणि त्याला क्लासची फी लागत नाही. दोन मित्रांनी बसावे. एकाने प्रश्न विचारावा, घड्याळ लावावे आणि मधे मधे टोकावे. दुसऱ्याने साध्या कागदावर लिहीत सोडवावे, कारण अनेक मुलाखतींत प्रोग्रॅम चालवून पाहायची सोय नसते. पहिल्यांदा मराठीत बोलून, मग तोच प्रश्न इंग्रजीत. विचार आणि भाषा ही दोन ओझी एकदम उचलण्यापेक्षा एकेक उचलणे सोपे जाते.

इंग्रजी कच्चे असेल तर?

रंकाळ्यावर बसून तासभर सलग बोलणारा मुलगा इंग्रजीत दोन वाक्यांनंतर थांबतो, हे चित्र कोल्हापुरात नवे नाही. सेवा कंपन्यांचे ग्राहक परदेशी असतात, त्यामुळे इंग्रजी तपासतात हे खरे. पण बोललेले समोरच्याला कळते का, यावर भर असतो. काळ चुकला किंवा शब्द अडला म्हणून कोणी लगेच बाद होत नाही, गप्प बसल्यावर मात्र होते. पाठ केलेले ‘टेल मी अबाउट युवरसेल्फ’ तर दुसऱ्याच वाक्याला ओळखू येते. त्याऐवजी गाव, शिक्षण, केलेले एक काम आणि त्यातली एक अडचण, एवढे स्वतःच्या साध्या वाक्यांत सांगितले तरी पुरते.

प्रोजेक्टवर इतके का विचारतात?

कारण प्रोजेक्ट तयार विकत मिळतात, हे मुलाखत घेणाऱ्यालाही माहीत असते. तोही त्याच वाटेने गेलेला असतो. म्हणून ‘प्रोजेक्ट काय आहे’ यापेक्षा ‘हाच डेटाबेस का निवडला’, ‘यात तुझा भाग कोणता’, ‘काय बिघडले होते आणि कसे सापडले’ हे प्रश्न येतात. चार जणांच्या ग्रुपमध्ये लॉगिनचे पान एकट्याने केले असेल तर तेवढेच सांगावे, पण पासवर्ड कसा साठवला, चुकीचा टाकला तर काय होते, हे पक्के ठाऊक असावे. गावच्या दूध संस्थेचा हिशेब किंवा मामाच्या मेडिकलचा स्टॉक यासाठी केलेले छोटे अॅप, कोणीतरी खरेच वापरत असेल तर, चेहरा ओळखणाऱ्या उसन्या प्रोजेक्टपेक्षा जास्त बोलके ठरते. रेझ्युमेत लिहिलेला प्रत्येक शब्द म्हणजे स्वतःहून दिलेला प्रश्न असतो. पायथॉन, जावा, सी प्लस प्लस, मशीन लर्निंग असे सगळे लिहिणाऱ्याला कशावरही विचारता येते.

एआयमुळे काय बदलले?

ऑनलाइन मुलाखतीत स्क्रीनवर न दिसता उत्तरे पुरवणारी साधने आली आणि कंपन्या सावध झाल्या. किमान एक राउंड प्रत्यक्ष समोर बसवून घेण्याचा विचार गुगलचे प्रमुख सुंदर पिचाई यांनी २०२५ मध्ये बोलून दाखवला. कोल्हापूरच्या मुलासाठी याचा अर्थ रात्रीची एसटी, सकाळी स्वारगेटला तोंड धुणे आणि तिथून हिंजवडी. करोनानंतर घरबसल्या मुलाखतीची सोय झाली होती, ती अशी हळूहळू आकसू शकते. दुसरीकडे, काही कंपन्या आता एआय वापरूनच काम करायला सांगतात आणि त्याने दिलेल्या प्रोग्रॅममधली चूक शोधायला लावतात. दोन्ही प्रकारांत स्वतःला समजलेले असणे लागतेच.

कोल्हापुरातल्याच कंपन्यांचे काय?

शेंडा पार्कातल्या आयटी पार्कची चर्चा शहर वर्षानुवर्षे ऐकत आहे. दरम्यान लहान-मध्यम सॉफ्टवेअर कंपन्या शहरात काम करतातच. तिथे परीक्षांची उतरंड नसते. एखादे छोटे काम घरी करायला देतात आणि मग मालक किंवा सीनियर समोर बसून ते बदलायला लावतात. पगार पुण्यापेक्षा कमी, पण खोलीभाडे आणि मेसचा खर्च नाही, शिवाय सुरुवातीपासून सगळ्या प्रकारचे काम हातात येते. तीन-चार वर्षांचा अनुभव घेऊन पुण्याहून परतू पाहणाऱ्यांना मात्र वेगळे प्रश्न येतात. एखादी यंत्रणा पूर्ण कशी उभी कराल, लाखभर लोक एकदम आले तर ती कुठे कोलमडेल, असे. तिथे ‘टीमने केले’ हे उत्तर चालत नाही.

एचआर राउंड म्हणजे औपचारिकता?

नाही. कुठेही बदली, रात्रपाळी, कोणत्याही तंत्रज्ञानावर काम, यांना दिलेला होकार इथे नोंदला जातो. घरच्यांशी न बोलता दिलेला ‘हो’ पुढे अडचणीचा ठरतो, विशेषतः मुलींच्या बाबतीत, कारण चेन्नई की पुणे यावर घरात खरी चर्चा ऑफर आल्यावरच सुरू होते. पॅकेजचा हिशेबही इथेच नीट विचारावा. ३ लाख ६० हजारांना १२ ने भागून ३० हजार महिना येतात, पण त्यात पीएफमधला कंपनीचा वाटा, ग्रॅच्युइटी, विमा आणि कामगिरीवर मिळणारी रक्कम मिसळलेली असू शकते. हातात दरमहा किती, हे विचारण्यात काही गैर नाही. बाँड असेल तर मुदत किती आणि मधे सोडल्यास रक्कम किती, हे लेखी पाहावे.

आणि कोणी नोंदणी फी, लॅपटॉपचे डिपॉझिट किंवा ‘बॅकडोअर’चे पैसे मागितले तर तो फसवणुकीचा प्रकार समजावा. नावाजलेल्या कंपन्या नोकरीसाठी उमेदवाराकडून पैसे घेत नाहीत.

ऑफर लेटर मिळाले की झाले?

पेढे वाटायला हरकत नाही. पण फेब्रुवारी २०२५ मध्ये इन्फोसिसच्या म्हैसूर कॅम्पसमधून तीनशेहून अधिक प्रशिक्षणार्थींना घरी जावे लागले. अंतर्गत परीक्षेत तीन संधी देऊनही ते उत्तीर्ण झाले नाहीत, असे कंपनीचे म्हणणे होते. त्यांतल्या काहींनी ऑफर मिळाल्यापासून रुजू होण्यासाठी दोन वर्षांहून अधिक काळ वाट पाहिली होती. त्याच वर्षी जुलैमध्ये टीसीएसने सुमारे दोन टक्के, म्हणजे बारा हजारांच्या आसपास कर्मचारी कमी करण्याचे जाहीर केले. त्यामुळे ऑफर आणि रुजू होण्याची तारीख यांच्या मधले महिने रिकामे जाऊ देणे धोक्याचे ठरते. त्या काळात दुसऱ्या कंपनीची परीक्षा देण्यावर कॉलेजचे काही नियम असतात. ‘एक विद्यार्थी, एक ऑफर’ हे धोरण अनेक ठिकाणी आहे. ते आधी समजून घ्यावे.

नकार आला तर?

कारण सहसा कळवत नाहीत. मेल दोन ओळींचा येतो किंवा येतच नाही. अनेक कंपन्या काही महिन्यांनी पुन्हा अर्ज करू देतात. म्हणून मुलाखतीतून बाहेर पडल्यावर, घरी फोन करायच्या आधी, विचारलेले सगळे प्रश्न आणि आपण कुठे अडलो ते मोबाइलवर टिपून ठेवावे. संध्याकाळपर्यंत निम्मे विसरायला होते. ती टिपणे ज्युनिअर मुलांना दिली तर पुढच्या वर्षी त्याच कंपनीसमोर बसणाऱ्यांना त्यांचा उपयोग होतो. ज्या विभागांत सीनियरांची अशी वही वर्षानुवर्षे फिरते, तिथल्या मुलांना निदान काय समोर येणार आहे हे तरी माहीत असते.